पेंढ्याचं वासरू

मुक्काम सोलापूर, सदर बझार
ता. ८ फेब्रुवारी १९३१

तात्याबा अण्णाला धाकट्या सिदूचा रामराम.

वेणीमाधव मास्तर, तुमालाबी रामराम. माझ्या भावाला अक्षरओळख न्हाय, म्हणून वळसंगची शाळा सांभाळून तुमी त्याला माझी पत्रं वाचून दावता, हे उपकार हाईत. पण एक सांगतो. हे पत्र सगळं वाचा, मधलं गाळू नका. अण्णा मधीच "पुरं" म्हणून उठला तर त्याच्या मागं जाऊन वाचा.

अण्णा, मायाक्काचं लगीन ठरलं. ही बातमी मला कुणी दिली? कुंभारीच्या तेलवाल्यानं, मंगळवारच्या बाजारात, तेल मापता मापता. "तुमच्या पुतणीचं आमच्या गावात जमलं की!" म्हणाला. पुतणी! मी म्हणालो, व्हय, पुतणी. काय करतो? बाप मी, आणि मला तेलवाल्याकडनं कळतंय. खोलीवर येईस्तवर निम्मं तेल रागानं सांडलं.

आता सरळ इचारतो. मांडवात कन्यादानाचं पाणी कोण सोडणार? तू म्हणशील, मी वाढवली, मी सोडणार. वाढवलीस, कबूल. मी पलटणीत गेलो तवा ती पाळण्यात हुती. मी लढाईत बसऱ्याला असताना मानमोडीच्या तापाच्या साथीत तिची आई गेली. केराबाई वैनीनं तिला आपल्या पोरांत घेतली, त्यांच्या ताटात जेवू घातली. ह्यातलं कायबी मी इसरलो न्हाय. पण बाप मी हाय. मला मानपान नको, पंगतीत पयलं पान नको, नवा फेटा नको. ते पाणी तेवढं माझ्या हातानं सुटू दे.

तू म्हणतोस, मेलेल्या जनावरांची कामं सोड, मंग ये. फौजेतनं आलो तवा माझी पेटी उघडून तू आतले चाकू आणि सुया बघितल्यास, आणि पेटी उंबऱ्याबाहेर ठेवलीस. पेटीबरोबर मीबी बाहेर ऱ्हाईलो. वळसंग हितनं अर्ध्या दिवसाची वाट, आणि मी माझी पोर बघतो ती गड्ड्याच्या जत्रंत, भांड्यांच्या दुकानामागं उभा ऱ्हाऊन. ह्या संक्रांतीला तिनं हिरव्या बांगड्या भरल्या. तू कासाराबरोबर घासाघीस करत हुतास, म्हणून तुला मी दिसलो न्हाय. तिला दिसलो असतो तरी तिनं ओळखलं नसतं.

तुला वाटतं, मी हितं एकटाच असला उलट्या काळजाचा. तसं न्हाय. पेंढा भरायच्या कारखान्यात माझ्याबरोबर इमामभाई हाईत, ते तोफखान्यात खोगिरं शिवायचे. पुण्याकडं, मिरजेकडं ह्या कामातली जेवढी माणसं मला भेटली, ती बहुतेक जुनी फौजीच. लोक इचारतात, असं का? इमामभाई म्हणतात, "ये काम हमारे बगैर करता कौन, और हमना दुसरा काम देता कौन?" सायबानं मारलेलं हरीण, जहागीरदाराचा बिबट्या, एखाद्या मडमेचा पोपट, सगळ्यांत आमी पेंढा भरतो आणि पुन्हा उभं करतो. माझी जनावरं लांबनं ओळखू येतात. का म्हणशील तर सगळी सावधान! छाती फुडं, मान ताठ, नजर समोर. "सिदू, तुमारा हिरन सलामी देता क्या?" असं इमामभाई रोज चिडवतात. काय करू, हात तसाच वळतो.

जबाब धाड. मास्तर, त्यो जे बोलंल ते तसंच लिवा, शिव्यांसकट.

सिदू


ता. १ मार्च १९३१

अण्णा, तुझा जबाब आला. मास्तरांनी शिव्या गाळल्या असणार, कारण पत्र लई लहान हुतं.

पंच म्हणतात, त्यानं काम सोडावं, बिरोबाफुडं जेवण घालावं आणि मंग मांडवात यावं. न्हायतर सोलापुरातच ऱ्हावं. आणि तू त्याखाली अंगठा उठवलास. बरं.

पंचांना माझा एक निरोप दे. गाईचं वासरू मेलं, गाय पान्हा सोडंना, की गावात काय करतात? वासराचं कातडं काढून त्यात पेंढा भरतात आणि तिच्याफुडं उभं करतात. गाय त्याला चाटती, पान्हा सोडती, दूध घरात येतं. मंग ते दूध पंच पितात का न्हाय? पितात की! सोलणाऱ्याला वेशीबाहेर ठेवायचं आणि दूध मातुर सगळ्यांनी प्यायचं. आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं बघायचं वाकून. आता माझ्यात आणि त्या पेंढा भरणाऱ्यात फरक काय? माझं काम जरा बरं असतं, एवढाच.

मी काम का सोडत न्हाय ते मी आजवर सांगितलं न्हाय, आणि तूबी इचारलं न्हाईस. आज ऐक.

बसऱ्याच्या वर, नदीकाठच्या छावणीत आमी लई महिने पडून हुतो. तितं माणसं कशी गेली ते सांगत न्हाय, वैनी ऐकत असतील. एवढंच सांगतो, की खड्डं खणणारी माणसंबी आजारी पडली. तुला गोपाळ आठवतो का, तोळणूरचा, माझ्याबरोबर भरती झालेला? लई गोड गळा त्याचा. त्याला माती द्यायला दोघंच हुतो, मी आणि एक भिस्ती. वरनं हुकूम, उरका. उरकलं. त्याच्या तोंडावरची माशी हाकलायलाबी सवड दिली न्हाय कुणी.

त्याच छावणीत एक डॉक्टर सायेब हुता. त्याला पाखरांचा नाद. पाखरं मारायची आणि त्यांची कातडी जपून इलायतेला धाडायची. त्यानं पलटणीत इचारलं, हलका हात कुणाचा हाय? मी म्हणालो, मी मेंढरं कातरलीत, एकाच्याबी अंगाला कातर लागू दिली न्हाय. झालं, माझी रवानगी त्याच्याकडं. पयल्या दिवशी त्यानं चिमणीहून जरा मोठं एक पाखरू माझ्या हातात दिलं. सकाळी बसलो ते दुपारच्या जेवणापतोर आमी दोघं त्याच्यावरच. एक पीस मोडू द्यायचं न्हाय, पापणी फाटू द्यायची न्हाय. आतनं सोमलाचा साबण लावायचा, म्हणजे किडा लागत न्हाय. सायेब सारखा बजावायचा, साबणाबिगर कातडं सोडायचं न्हाय, कवाच न्हाय.

अण्णा, त्या सगळ्या मुलखात मेलेल्या माणसाला घटकाभर कुणी देत न्हवतं, आणि ह्या पाखराला अख्खी सकाळ मिळाली. मला त्याचा राग यायला पायजे हुता. आला न्हाय. मला वाटलं, चला, कुणाला तरी मिळाली. त्या रोजी लई दिवसांनी मला झोप लागली. तवा जे काम धरलं ते आजपतोर सुटलं न्हाय. मेलेल्याची घाई करायची न्हाय, एवढंच मला येतं, आणि ते करताना माझं डोकं शांत असतं. काम सोडलं तर मी तुझ्या मांडवात येईन खरा, पण येडा होऊन येईन. पंचांना हे पटणार न्हाय. तुला पटलं तरी बास झालं.

पाण्याचं पुन्हा इचारतो. मी इचारायचा थांबणार न्हाय.

सिदू


ता. २२ मार्च १९३१

केराबाई वैनीला सिदूचा दंडवत.

मास्तर, हे पत्र एकट्या वैनीला वाचा. अण्णा मेंढरामागं गेला की मंग वाचा.

वैनी, तुमी अण्णाच्या चोरून पोतं धाडलंत आणि मास्तरांकडनं चिठ्ठी धाडलीत, ह्याला काळीज लागतं. तुमची चिठ्ठी वाचून माझंच काळीज हाललं. मायाक्काबरोबर आंदण द्यायची तांबी गाय व्याली आणि वासरू दगावलं. लगीन वैशाखात. दुभती गाय देऊ असा शब्द कुंभारीच्या पाव्हण्यांना दिलेला, आणि गाय कासेला हात लावू दीना. गावातल्या माणसानं पेंढा भरून वासरू केलं, ते तिनं हुंगलं आणि शिंगावर घेऊन उडवलं. बरोबर केलं तिनं! पोतं सोडून बघितलं तर मलाच वळखंना ते वासरू हाय का पखाल. गाय काय येडी हाय?

पेंढा सगळा उपसला. कातडं भिजवलं, साफ केलं, उसवलं तितं बारीक शिवलं. आतनं लाकडाचा सांगाडा केला, त्यावर ताग गुंडाळला. मायाक्कानं सांगितलेलं तुमी लिवलंत, की पिताना त्याची मान डावीकडं वळायची आणि एक कान पडलेला असायचा. बरं झालं तिनं ते सांगितलं. मी मान डावीकडं वळवली, कान पाडला. शेपूट हलायची असंबी ती म्हणाली म्हणं. ते मातुर माझ्या हातात न्हाय. इमामभाईंनी वासराकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "आज परेड को छुट्टी?" माझ्या हातनं सावधान नसलेलं हे पयलं जनावर.

वैनी, काम करताना मी सारखा बोलत हुतो. कुणाशी म्हणाल तर वासराशी. म्हणालो, बाबा, पोरीच्या घरी जातोयस, माझी अब्रू राख. हसा तुमी.

आज वळसंगच्या गुरुलिंगाच्या गाडीतनं धाडतोय. त्याला पोत्यात काय हाय ते सांगितलं न्हाय, सांगितलं असतं तर त्यानं गाडी धुऊन मागितली असती. गावातलं वासरू पंधरवड्यात कुजतं, वास मारतं. माझं वर्षभर असंच ऱ्हाईल. सायबाच्या दिवाणखान्यात ठेवावं असं काम केलंय, कुटंबी कसर ठेवली न्हाय.

गाय चाटाया लागली, पान्हा सुटला, तर अण्णाफुडं माझं पाण्याचं बोलणं काढा. न्हाय सुटला तर पोतं परत धाडा. मी कायबी म्हणणार न्हाय.

तुमचा दीर सिदू


ता. ४ एप्रिल १९३१

मास्तर,

ही चिठ्ठी अक्कलकोटच्या मोटारीच्या ड्रायव्हरजवळ देतोय. मोटारीत जागा न्हाय, मी मागनं चालत निघालोय. हातात पडताच अण्णाच्या घरी पळा आणि वासरू गाईपासनं काढा. नुसत्या हातानं धरू नका, फडक्यानं धरा. त्यात सोमल हाय. सोमल म्हणजे विष. दूध कुणी पिऊ नका, पोरांना तर थेंब देऊ नका, काढलेलं वतून टाका.

अण्णाचं पत्र आज सकाळी मिळालं. तुमच्याच हातचं. "गाय त्याला सारखी चाटती, चरवी भरून दूध देती, तू लग्नाला ये, पाणी तू सोड." मी ते इमामभाईंना मोठ्यानं वाचून दावलं. त्यांनी जिलेबी आणायला माणूस धाडला. मंग मी पुन्हा वाचलं, नुसतं सुखानं. आणि "सारखी चाटती" ह्यावर माझी नजर थांबली.

भिंतीवरल्या जनावराला कुणी चाटत न्हाय, मास्तर. मला ती सवयच न्हाय.

पळा.

सिदू


ता. ९ एप्रिल १९३१

अण्णा,

तू "निघ" म्हणालास आणि मी निघालो. तू माळावर मेंढरामागं हुतास, म्हणून तू यायच्या आधी काय झालं ते तुला कुणी नीट सांगितलं नसंल. वैनी रडत हुत्या आणि पोरगी बोलणाऱ्यातली दिसत न्हाय. म्हणून लिवतो. मास्तर, तुमी त्या दिवशी अक्कलकोटला गेला हुता आणि माझी चिठ्ठी तुमच्या ओट्यावर पडून ऱ्हाईली, ह्यात तुमचा काय दोष? मनाला लावून घेऊ नका, आणि हे वाचताना आवाज कापू देऊ नका.

मी गोठ्यात शिरलो तवा गाईच्या तोंडातनं लाळ गळत हुती, पोट आत गेलं हुतं, आणि तरी ती वासराचं तोंडच चाटत हुती. साबण आतनं लावतात, अण्णा. पण कान, नाक, खुरांच्या कडा, जितं कातडं पातळ, तितं वरनंबी दोन हात मारायचे, अशी आमच्या कामाची रीत. आणि गाय चाटती ती तेच. तिची जीभ म्हणजे कानस. नाकावरचे केस पार झिजले हुते. मीच तुला लिवलं हुतं, गाय चाटती, पान्हा सोडती. पंचांना टोमणा मारायला बरं आठवलं! आणि साबणाचा ब्रश हातात घेतला तवा डोकं कुटं गेलं हुतं माझं? धनगराच्या पोटी जन्मलो आणि जनावराची जीभ इसरलो.

मी वासरू खांद्यावर टाकलं आणि माळाकडं पळालो. गाय दावं तोडून मागं आली. पाय लटपटत हुते तिचे, तरी हंबरत आली. वस्तीवरची माणसं गोळा झाली, पण जवळ कुणी आलं न्हाय. मी खड्डा खणला, वासरू पुरलं, वर दगड रचले. वळतोय तर गाय माझ्या अंगावर. मी म्हणालो, आता घेती शिंगावर. घेतलं न्हाय. माझ्या खांद्याला वासराचा वास लागला हुता. ती माझा खांदा चाटाया लागली.

अण्णा, तुझ्या दारात इतक्या वर्षांत मला कुणी जवळ केलं असंल तर त्या गाईनं. आणि माझ्या अंगरख्याला सोमल लागलेला. मी अंगरखा काढून दगडाखाली कोंबला, तर ती उघड्या पाठीला तोंड लावाया आली. ढकललं, हाटंना. ओरडलो, हाटंना. मंग मी काठी उचलली आणि तिच्या तोंडावर हाणली. ती मागं सरायची आणि फिरून माझ्याकडंच यायची, आणि मी फिरून हाणायचा. मी रडत हाणत हुतो. लाज वाटत न्हाय सांगायला.

मायाक्का तितं आली ती त्या वक्ताला. तिला काय दिसलं? एक उघडाबंब माणूस तिच्या आजारी गाईला बडवतोय. तिनं माझी काठी धरली. म्हणाली, "कोन तुमी? काय केलंय माज्या गायीनं तुमचं?" पलटण कंची, गाव कंचं, काम काय, हे मी झोपेतबी सांगितलं असतं. ते एक तोंडातनं निघंना.

तवा तू पळत आलास आणि लांबनंच वरडलास, "मायाक्का, काठी सोड! त्यो तुजा बाप हाय!"

तू रागानं म्हणालास, ते मला माहीत हाय. पण म्हणालास. सगळ्या वस्तीनं ऐकलं.

फुडचं तुला ठाऊक हाय. मी चारचौघांत सांगितलं, की वासरात विष हुतं आणि ते मीच घातलं. तू म्हणालास, निघ. एक तेवढं तू बघितलं न्हाईस, कारण तू गाईकडं वळला हुतास. मी वाटंला लागलो तवा मायाक्का मागनं आली. चुलीतली राख तिनं माझ्या हातावर टाकली आणि लांबनं चंबूनं पाणी घातलं. हात धुवा म्हणाली न्हाय, बाबा म्हणाली न्हाय. मी कोपरापतोर हात धुतले. पाणी संपेस्तवर ती उभी हुती.

इमामभाई सांगतात, तोफखान्यात घोड्यांच्या पोटात असलं काय गेलं तर जवसाची पातळ पेज पाजायचे, आणि वर कोळशाची पूड. तेवढं करा. तिला सावलीत ठेवा. दूध महिनाभर कुणी तोंडाला लावू नका, मांजरालाबी नको. तुझ्या नातवानं त्यातलं दूध पिलं हुतं म्हणून समजलं, त्याचं पोट कसं हाय ते कळवा.

पाण्याचं आता इचारत न्हाय.

सिदू


ता. २६ एप्रिल १९३१

अण्णा, रामराम.

गाय रवंथ कराया लागली हे वाचलं आणि मी इमामभाईंना अशी मिठी मारली, की म्हातारं तिपाईवरनं कोसळलं असतं. पोराचं पोटबी बरं हाय, लई झालं. बिरोबा पावला. जेवण घालायचं पंच म्हणत हुते, ते मी आता आपणहून घालणार. त्यांना सांग, तुमच्या सांगण्यावरनं न्हवं.

तू लिवलंस, पंच बसले आणि म्हणाले, ह्यानं घरात विष धाडलं, ह्याला आता वेशीच्या आत घेऊ नका. आणि तू उठून म्हणालास, "इख घालनारा चालत येऊन सांगत न्हाय. ह्यो आला. लग्नाचं बोलावनं हातात असताना आला." वर म्हणालास, पाणी सिदूच सोडंल, न्हायतर मी लगीन मेंढवाड्यात लावीन. तुझ्या तोंडात एवढं बोलणं हाय हे मला माहीत न्हवतं. मास्तर, तुमी आपल्या पदरचं तर घातलं न्हाय ना ह्यात? खरं सांगा. कायबी असो, ते पत्र मी उशाला घेतलंय.

कुंभारीचे पाव्हणेबी शाणे निघाले. गाय आताच न्हेतो, दूध फुडल्या वेताला बघू, असं म्हणाले. चांगल्या घरी पडतीय पोर.

आता माझं ऐक, आणि लगीच तडकू नको. पाणी तू सोड.

मला पंचांचं भ्या न्हाय. परवा मी दारात उन्हाला बसलो आणि माझे हात बघितले. आजवर जनावरांचेच पाय, पंजे, नखं बघत आलो, आपले हात कुणी बघतंय? नखांच्या कडा काळ्या पडल्यात. बोटांच्या पेरांवर घट्टं हाईत, त्यात भेगा. बसऱ्यापासनंचा साबण त्यात मुरलाय. किती मुरलाय, किती निघाला, कोण सांगणार? इमामभाई म्हणतात, धुतलं की जातंय, आमी न्हाय का जेवत ह्याच हातानं? खरं हाय. पण वासराच्या नाकावर ब्रश फिरवताना मलाबी वाटलं असंल, साबणाच्या दोन हातांनी काय होतंय. लग्नादिवशी पोरीच्या हाताला हळद असंल. त्याच हातानं ती नवऱ्याला घास देईल, लहान पोरांच्या तोंडावरनं हात फिरवंल. तिच्या हातावर माझा हात नको, अण्णा. मी डोळ्यानं बघितलंय की तोंड कसं लावतात.

आणि आणखी एक. तिनं माझी काठी धरली ती अंगठा वर ठेवून. तसा अंगठा आपल्या घरात फकत तू ठेवतोस, मेंढरं वळताना. तितंच मला कळलं, ही कुणाची पोर. तिला ताप आला तवा मांडीवर घेऊन बसलास तू. पयलं कोकरू तिच्या हातात दिलंस तू. मी काय केलं, तर भांड्यांच्या दुकानामागनं बघितलं. बाप मी हाय, हे तू माळावर सांगून टाकलंस, ते आता कुणाला पुसता येत न्हाय. तेवढ्यावर माझं भागलं असं लिवणार हुतो, पण ते खोटं हाय. मला ते पाणी लई पायजे हुतं. अजूनबी पायजे, आत्ता हे लिवतानाबी पायजे. तरीबी तूच सोड.

मास्तर, हितं थांबा. अण्णाला जरा बसू द्या. मंग फुडचं वाचा.

मी लग्नाला येणार हाय. नवं धोतर घेतलंय. खाकी कोट घालत न्हाय. गेल्या साली सोलापुरात लष्करी कायदा लागला तवापासनं तो कोट बघितला की लोक थुंकतात, आणि त्यांचं काय चुकत न्हाय. इमामभाई येऊ का इचारत हुते, मी या म्हणालो. त्यांची पंगत कुटं बसवायची ते वैनी ठरवतील.

वाजंत्री लागली की तांबी बुजंल, आजारातनं उठलेलं जनावर हाय. तिला धरायला कुणीतरी पायजे. मी मांडवाच्या मागं कासरा लांब धरून उभा ऱ्हाईन. ती जवळ आली तर मारणार न्हाय, मीच मागं सरीन, एवढं मायाक्काला सांग.

सिदू